डास चादरीवर पडला पाहिजे

आमच्या वसाहतीत दर गुरुवारी संध्याकाळी धुराची गाडी येते. हे सुरुवातीलाच गांभीर्याने नमूद करतो, कारण पुढे जे घडलं त्यात गाडीचा काहीही दोष नाही. गाडी वेळेवर येते, आवाज भरपूर करते आणि धुरात कधी काटकसर करत नाही. आवाज आला की आम्ही सगळे खिडकीत जातो. धूर वर चढू लागला की खिडक्या लावून घेतो, खोकतो, डोळे पुसतो आणि एकमेकांना म्हणतो, "चला, कुणीतरी काहीतरी करतंय." डासही त्याच सुमारास गटारांतून आणि झाडांतून उठून आमच्या घरांत येतात, कारण बाहेर धूर असतो. धूर निवळला की काही परत जातात, काही मुक्काम करतात. यात आम्हाला कधी वावगं वाटलं नाही.

आम्ही म्हणजे मी. गेली कित्येक वर्षं वसाहतीच्या स्वच्छता समितीचा बिनविरोध अध्यक्ष असल्यामुळे स्वतःला एकटा समजण्याची सवय मोडली आहे.

गाडीसोबत आरोग्य खात्याचा चादर तपासनीस येतो. कामाची पद्धत ठरलेली आहे. गाडी येण्याआधी जिन्याखाली पांढरी चादर अंथरायची, धूर गेला की तिच्यावर पडलेले डास चिमट्याने उचलायचे, पाकिटात भरायचे आणि पाकीट कचेरीत जमा करायचं. चादरीवर पडलेला डास मेला असं धरतात. चादरीबाहेर पडलेला डास खात्याच्या लेखी जिवंतच राहतो. तपासनीस माणूस मोठा सचोटीचा. एकदा एक डास चादरीच्या काठावर अर्धा आत आणि अर्धा बाहेर असा पडला, तेव्हा त्याने स्वतः निर्णय न घेता वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलं. ते अजून आलेलं नाही. डास जपून ठेवला आहे.

एवढी चोख व्यवस्था असूनही पाऊस संपत आला की आमच्याकडे ताप येतोच. यंदा जरा जास्तच आला. दवाखान्यात खाटा पुरेनात, म्हणून खुर्च्यांवर सलाईन लावू लागले.

आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, डाससाहेब राहतात. हे नाव आम्हीच ठेवलं. ते आरोग्य खात्यात कीटकशास्त्रज्ञ आहेत. अख्ख्या खात्यात डासांविषयी खरोखर काही माहिती असलेले ते एकटेच, त्यामुळे त्यांना कुणी काही विचारत नाही. माणूस वाईट नाही, पण चहा पिताना डासाच्या सोंडेचे भाग समजावून सांगतो. त्यामुळे त्यांच्याकडे चहाला जाताना आम्ही घरून पिऊन जातो.

एके सकाळी शिडी परत करायला त्यांच्याकडे गेलो, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ताटं मांडलेली. ताटांत भात आणि भातावर हिरवट बुरशीचा जाड थर.

"वहिनी, भाताला बुरशी आलीय," आम्ही दक्षतेने म्हणालो.

"आली नाही, आणलीय," वहिनी म्हणाल्या. "आणि हळू बोला. ती दचकते असं वाटतं यांना."

वहिनींनी मग मनातली सगळी वाफ बाहेर काढली. "उभा जन्म मी या घरातली बुरशी काढली. चपलांची काढली, पावाची काढली, कपाटामागच्या भिंतीची काढली. आता म्हातारपणी हे ती घरात आणतात आणि मलाच सांगतात, भात मोकळा शिजव, ऊन लागू देऊ नको, ओल सुटू देऊ नको, मधूनमधून बघत जा. पोरीला सुद्धा एवढं जपलं नव्हतं मी."

डाससाहेब बाहेर आले. अंगात जुना पांढरा कोट, चेहऱ्यावर बारशाचा आनंद.

"अध्यक्ष, ही बुरशी माणसाला काही करत नाही. पण डास हिच्यावर बसला की हिचे कण त्याच्या पायांना चिकटतात. तिथे रुजतात, कातडी भेदून आत जातात आणि त्याला आतून पोखरतात. आठ-दहा दिवसांत खलास! आणि त्याआधीच त्याची भूक मरते. चावायची इच्छाच राहत नाही."

"मग तो दिवसभर करतो काय?"

"बसून राहतो."

"म्हणजे आमच्या साडूंसारखंच," आम्ही म्हणालो. कुणी हसलं नाही.

डाससाहेबांनी आवाज खाली घेतला. "लेक येतेय पंधरा-वीस दिवसांत. आठवा लागलाय तिला. जावई तिकडे कामावर, गावात धड दवाखाना नाही. इथे दवाखाना आहे, पण इथे ताप आहे. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत हा ताप आला तर दोन्ही जिवांना धोका. हा डास चावतो दिवसा. तिला काय अष्टौप्रहर मच्छरदाणीत कोंडून ठेवू? एक डास पुरतो, अध्यक्ष. एक."

बोलता बोलता त्यांनी ताटावरचं फडकं उगाचच सरळ केलं. डासांवर तासभर न थांबता बोलणारा हा माणूस एवढ्या चार वाक्यांत दमलेला आम्ही पहिल्यांदाच पाहिला. आम्हाला वाईट वाटलं आणि समितीचा पूर्ण पाठिंबा आम्ही जागच्या जागी जाहीर केला.

पाठिंबा द्यायला आम्ही त्यांच्याबरोबर आमच्या वॉर्डाच्या आरोग्यप्रमुखांच्या कचेरीतही गेलो. आरोग्यप्रमुख हे व्यवहारी गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेमके प्रश्न विचारले.

"आवाज किती होतो हिचा?"

"आवाज नाही होत, साहेब. बुरशी आहे."

"धूर?"

"नाही."

"वास तरी?"

"अगदी किंचित. ओल्या मातीसारखा."

आरोग्यप्रमुख मागे टेकले. "मग आपण काही केलं हे नागरिकांना कळणार कसं?"

"ताप कमी होईल ना."

"अहो, कमी झालेला ताप दिसत नाही. वाढलेला दिसतो."

या वाक्यातला अनुभव आमच्या काळजाला भिडला. आम्ही मान डोलावली. डाससाहेबांनी मात्र हट्ट सोडला नाही. शेवटी आमच्या एका इमारतीपुरती प्रायोगिक परवानगी मिळाली. प्रयोग संपेपर्यंत गाडी आमच्याकडे येणार नव्हती. अट एकच, चादर तपासणी पूर्वीप्रमाणेच होईल. "पद्धत बदलायची म्हणजे नियम बदलावे लागतील," आरोग्यप्रमुख म्हणाले. "त्यापेक्षा तुमच्या डासांनी जुळवून घ्यावं."

डाससाहेबांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर, सावलीच्या ओलसर कोपऱ्यात, काळं जाड कापड टांगलं. डासाला काळा रंग आणि अंधारा कोपरा आवडतो म्हणे. बुरशीची पूड तेलात कालवून त्यांनी ती कापडांना स्वतःच्या हातांनी चोळली. एक कापड त्यांनी आपल्या बाल्कनीच्या कोपऱ्यातही लावलं, आमच्या बाल्कनीच्या अगदी कडेला. डास आले, बसले, निवांत बसले आणि उठून गेले. जिन्याखाली पांढरी चादर अंथरलेलीच होती.

गुरुवारी तपासनीस आला. गुडघे टेकून त्याने चादर पाहिली, भिंग लावून पुन्हा पाहिली आणि उभा राहिला.

"शून्य."

"अहो, डास बसले होते," डाससाहेब म्हणाले. "मी स्वतः पाहिलेत."

"बसले असतील. पण बसणं म्हणजे मरणं नव्हे, साहेब. तसं असतं तर आमच्या कचेरीत कुणी उरलं नसतं."

"मरतील. आठ-दहा दिवसांत मरतील."

"कुठे?"

"जिथे असतील तिथे!"

"जिथे असतील तिथे चादर नाही," तपासनीस शांतपणे म्हणाला आणि रिकामं पाकीट चिकटवून घेऊन गेला.

प्रकरण वर गेलं. दरम्यान शेजारच्या वॉर्डात चमत्कार झाला. तिथे गाडी चालूच होती आणि तिथल्या चादरींवर अचानक दुपटीने डास पडू लागले. आमच्याकडे बुरशी लागलेले, तिकडे उडत गेलेले, अर्धमेले डास धुराची पहिली झुळूक येताच आडवे होत होते. त्या वॉर्डाच्या अधिकाऱ्याचा सत्कार झाला. सत्काराला उत्तर देताना त्याने गाडीच्या चालकाचे आभार मानले.

आरोग्यप्रमुखांनी डाससाहेबांना बोलावून घेतलं. "म्हणजे डास आपल्याकडे येऊन मरणाचं सामान घेणार आणि मरायला त्यांच्याकडे जाणार? कष्ट आपले आणि मृत्यू त्यांचे?"

"साहेब, डास मेला ना? मग कुठे का मरेना."

"असं बोलू नका. हद्द म्हणून काही असते."

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. बुरशीबाधित डासांनी मूळ इमारतीच्या हद्दीत, शक्यतो कार्यालयीन वेळेत आणि चादरीच्या क्षेत्रातच मृत्यू पावावं, यासाठी संबंधितांनी योग्य ती तजवीज करावी. संबंधित म्हणजे डाससाहेब. त्यांनी हात जोडून सांगितलं की डास परिपत्रकं वाचत नाहीत. मग खात्यानेच तजवीज केली. जिन्याच्या सगळ्या खिडक्यांना आतून बारीक जाळी ठोकली, म्हणजे एकदा आत आलेला डास हद्द ओलांडून जाणार नाही.

डास गेले नाहीत. जिन्यात राहिले. बसून राहिले, खिन्न, भूक मेलेले, भिंतींना चिकटलेले. भाजी घेऊन वर जाताना आम्ही त्यांच्या मधून जायचो. चावत कुणी नव्हतं, पण बघत होते, आणि ते आम्हाला जास्त लागलं.

समितीची सभा भरली. आमच्या इमारतीतल्या माणसांचं मन सभेत जितकं स्वच्छ दिसतं, तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

"त्यांना बसायला काळं मऊ कापड, आणि आमच्या सासूबाईंना जिन्यात टेकायला साधं बाकडं नाही," तळमजल्यावरच्या शिक्षिका म्हणाल्या.

"गाडीचा आवाज आल्याशिवाय आमचा धाकटा जेवत नाही. दोन गुरुवार पोर उपाशी आहे," शिंप्याने सांगितलं.

"खातं डास मारतंय की पाळतंय?" हा प्रश्न कुणी विचारला ते कळलं नाही, पण त्याला टाळ्या पडल्या.

डाससाहेब उभे राहिले. "मी हात जोडतो. अजून थोडे दिवस द्या. आपल्या इमारतीत इतक्यात कुणाला ताप आलाय का, सांगा."

कुणाला आला नव्हता, ही गोष्ट खरी. पण न आलेल्या तापावर सभेत चर्चा कशी करणार? तो विषयपत्रिकेवर नव्हता. गाडी पुन्हा सुरू करावी, असा ठराव एकमताने झाला. डाससाहेबांच्या भावना लक्षात घेऊन आम्ही तो अतिशय हळू आवाजात वाचून दाखवला.

त्याच सुमारास त्यांची लेक आली. हसरी पोर. पाय सुजलेले, तरी बाल्कनीत स्टुलावर पाय ठेवून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायची. संध्याकाळी वडील कचेरीतून आले की विचारायची, "बाबा, तुमचे डास कसे आहेत?"

"बरे नाहीत गं."

"वा! असंच चालू दे."

आणि डाससाहेब दिवसभरात पहिल्यांदा हसायचे. आम्ही आमच्या बाल्कनीतून हे ऐकायचो. आम्हालाही बरं वाटायचं.

आमचा ठराव आरोग्यप्रमुखांपर्यंत पोचला. त्यांनी जाहीर केलं की प्रयोग चालू ठेवायचा की गुंडाळायचा हे ते स्वतः पाहणी करून, येत्या गुरुवारी, चादरीसमोर ठरवतील. आता वसाहतीत एवढा मोठा माणूस येणार म्हटल्यावर समितीने हातावर हात ठेवून बसायचं का? आम्ही कंबर कसली. जिन्याला रंग दिला. कठडेही रंगवले. कुंड्यांना गेरू लावला आणि झाडं हिरवी दिसावीत म्हणून त्यांना भरपूर पाणी घातलं, ते खालच्या बशांत छान साठून राहिलं. गुरुवारी सकाळी शेवटची फेरी मारताना आमची नजर त्या काळ्या कापडांवर गेली.

कापडं कळकट झाली होती. तेलकट, धुळीने माखलेली, वर हिरवट-पांढरी बुरशी. खुद्द आरोग्यप्रमुख येणार आणि आमच्या जिन्यात बुरशी लागलेली फडकी लोंबताहेत! लोक काय म्हणतील?

आम्ही बादली घेतली. गरम पाणी, साबण, जंतुनाशक, सगळं हात आखडता न घेता वापरलं. एकेक कापड घासलं, पिळलं, गच्चीवर कडक उन्हात वाळवलं. आमच्या मंडळींनी त्यांना इस्त्री केली, आणि अशी केली की घडीची रेघ पेनाने मारल्यासारखी दिसावी. मग प्रत्येक कापड आपापल्या जागी पुन्हा टांगलं. सकाळी डाससाहेबांच्या दाराजवळचं कापड काढायला गेलो, तर ते जागेवर नव्हतं. वाऱ्याने पडलं असेल असं समजून तिथे आमच्याकडची जुनी काळी पँट धुवून, उसवून, इस्त्री करून लावली. समितीच्या कामात पदरमोड करायला आम्ही कधी मागेपुढे पाहिलं नाही.

संध्याकाळी आरोग्यप्रमुख आले. बरोबर डाससाहेब आणि तपासनीस. डाससाहेब पहिल्या वळणावर पोचले आणि थबकले. त्यांनी कापडाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

"हे कुणी केलं?"

"समितीने," आम्ही विनयाने म्हणालो.

"धुतलंत?"

"दोनदा."

डाससाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. आरोग्यप्रमुख मात्र खूश झाले. "कमाल आहे! बुरशी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर घाण येते. तुम्ही ती किती स्वच्छ ठेवलीय!"

एवढ्यात खालून ओळखीचा आवाज आला. पाहुण्यांना पाहणीदरम्यान डास चावू नये म्हणून खात्याने शिष्टाचाराचा भाग म्हणून गाडी बोलावली होती. गाडीने जिन्याच्या तोंडाशी नळी लावली. खिडक्यांना जाळ्या, आणि जाळ्यांची भोकं आमच्या नव्या रंगाने बुजलेली. धूर जाणार कुठे? पुरा जिना भरला. कितीतरी दिवस हद्दीत अडकून पडलेले, आधीच आजारी असलेले डास भिंतींवरून सुटले आणि थेट चादरीवर पडू लागले.

"साहेब!" तपासनीस खोकत ओरडला. "चादर भरली! काठापर्यंत भरली! एवढी चादर मी उभ्या नोकरीत पाहिली नाही!" आणि त्या सचोटीच्या माणसाने चादरीपुढे गुडघे टेकले.

"अभिनंदन!" आरोग्यप्रमुखांनी डाससाहेबांचा हात धरला. "तुमची बुरशी यशस्वी झाली."

"साहेब, कापडावर बुरशीच नाहीये! धुऊन टाकलीय ती! हे डास धुराने..."

"बुरशीच्या कापडाखाली पडले की नाही?"

"पडले, पण..."

"मग झालं तर. यशाला नाट लावू नका."

डाससाहेबांनी हात सोडवून घेतला. धूर म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं त्या जिन्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. धूर म्हणजे बाहेरचे सगळे डास आता घरांत शिरणार. वरिष्ठांना तसंच सोडून ते धूर कापत, कठडा चाचपत, दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाले. ओल्या रंगात त्यांचा हात बरबटला. आम्हीही मागोमाग गेलो. एक तर शेजारधर्म, आणि दुसरं म्हणजे कठडा.

दार वहिनींनीच उघडलं. खिडक्या लावलेल्या. लेक पलंगावर, मच्छरदाणीच्या आत, पाय लांब करून पेरू खात बसलेली. आणि बाल्कनीच्या दाराआड, अंधाऱ्या कोपऱ्यात, एक काळं, कळकट, हिरवट बुरशीने भरलेलं कापड.

"सकाळी उचलून आणलं दारातलं," वहिनी म्हणाल्या. "बाल्कनीतलंही आत घेऊन ठेवलं होतं दिवसभर. अध्यक्षांना बादली घेऊन जिना उतरताना पाहिलं मी. बादली घेऊन निघालेला माणूस कुणाचं ऐकत नाही."

डाससाहेब तिथेच खाली बसले. "तू? तुला तर किळस येते तिची."

"येतेच. पण एकदा घरात आणलंय म्हटल्यावर टाकून कसं देणार?"

डाससाहेब मग लहान पोरासारखे रडले. लेक मच्छरदाणीतून म्हणाली, "बाबा, अहो बाबा, मला काही झालेलं नाही. पेरू घ्या." आम्ही दारात उभे होतो. कठड्याला रंगाचा दुसरा हात द्यावा लागणार, हे त्या क्षणी आम्ही बोलून दाखवलं नाही.

योजना शहरभर मंजूर झाली. बुरशी सगळीकडे पुरवणं अवघड होतं आणि चादर तर गाडीनेच भरली होती, त्यामुळे गाड्यांनाच हिरवा रंग देऊन त्यांच्यावर 'बुरशी योजना' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. डाससाहेबांना योजनेचे सल्लागार नेमलं. म्हणजे आता तर त्यांना कुणीच काही विचारत नाही. काठावर अर्धा पडलेल्या डासाबाबत अजून मार्गदर्शन आलेलं नाही.

यथावकाश लेक बाळंत झाली. मुलगी झाली. आई सुखरूप, बाळ सुखरूप. ताप वसाहतभर फिरला, आमच्या इमारतीत खालच्या मजल्यांवरही चढला, शिक्षिकांच्या सासूबाई दवाखान्यात जाऊन आल्या. पण डाससाहेबांच्या आणि आमच्या घरी त्याने पाऊल टाकलं नाही. आम्ही याचं श्रेय गाडीच्या नव्या रंगाला देतो.

बाळ बघायला जायचं होतं. रिकाम्या हाताने कसं जायचं, या विचारात आम्ही बाल्कनीत उभे होतो. शेजारच्या बाल्कनीत दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती. पांढरीशुभ्र, मऊ, ऊन खाणारी. आणि त्यांच्या अलीकडे, सावलीच्या कोपऱ्यात, आमच्या हाताला लागेल असं ते काळं कापड. तेलकट, बुरशी लागलेलं. बाळ-बाळंतिणीच्या घरात! वहिनी बिचाऱ्या बाळंतपणाच्या धावपळीत, त्यांना कुठली सवड. शेजाऱ्यांनी नाही बघायचं तर कुणी बघायचं?

संध्याकाळी आम्ही सहकुटुंब बाळ बघायला गेलो आणि ते कापड, कडक धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घालून, वहिनींच्या हातात ठेवलं.

वहिनींनी घडी उलटून पाहिली. सुलटून पाहिली.

"अध्यक्ष," शेवटी त्या म्हणाल्या, "एवढ्या साथीत तुमच्या घरी कुणाला ताप आला का हो?"

"छे! गाडीची कृपा."

"गाडीची," वहिनी म्हणाल्या. कापड घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. आतून ताटावरचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग कापडाला काहीतरी चोळल्याचा. चहा आलाच नाही. निघताना बाल्कनीचं दार आतून लावून घेतलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी आमच्या बाल्कनीतून पाहिलं, तर पुन्हा बुरशी चोळलेलं ते कापड त्यांनी पलीकडच्या कोपऱ्यात लावलं होतं, आमचा हात पोचणार नाही इतक्या लांब.

पुढच्याच आठवड्यात आम्हाला ताप आला. हाडंन् हाडं ठणकत होती. डाससाहेब रोज येऊन बसत, कपाळावर ओली पट्टी ठेवत. गेलेला माणूस आहे तो कामातून, पण शेजारी म्हणून लाख मोलाचा. एक दिवस त्यांनी पिशवीतून काळं कापड काढलं आणि विचारलं, "अध्यक्ष, हे इथे दाराआड लावू?" आम्ही क्षीण आवाजात हो म्हणालो. फक्त, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेला पडणार नाही असं लावा, एवढंच सुचवलं.

अंथरुणातूनच आम्ही खात्याला तक्रार केली. या गुरुवारी गाडी उशिरा आली, आवाजही नेहमीसारखा नव्हता, म्हणूनच आमच्यावर ही वेळ आली. तक्रारीवर इमारतीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. ज्यांना ताप होता त्यांच्या सह्या जरा थरथरत्या आहेत, पण ओळखू येतात.

तुम्ही म्हणाल, अध्यक्ष, तुम्हाला कळायला हवं होतं. कसं कळणार? त्या माणसाने सगळं सांगितलं होतं हे खरं, पण आवाज न करणारी गोष्ट लक्षात कशी राहायची? तुमच्या कुंडीखालच्या बशीत या घटकेला किती पाणी आहे, ते तरी तुमच्या लक्षात आहे का?

असो. आमच्याकडे गाडी गुरुवारी येते. आवाज आला की आम्ही सगळे खिडकीत जातो. तुमच्याकडे कोणत्या वारी येते?